वाचकाचे मत : शेळगावच्या बाजूने काही ऐतिहासिक निरीक्षणे

‘टीका’ या शब्दाने मराठीत फार लांबचा प्रवास केला आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेवर केली ती टीका. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर केली तीही टीकाच. तेथे टीका म्हणजे अर्थ उलगडणे, न समजणाऱ्याच्या पातळीवर ग्रंथ उतरवणे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त ग्रंथांवरील टीकेची चर्चा केली, तेव्हा हा शब्द गुणदोषविवेचनाच्या अर्थाने स्थिरावत होता. आज घरगुती बोलण्यात तर त्याला दोष काढणे एवढाच अर्थ उरला आहे. या अर्थांतरात एक गोष्ट गळून पडली, तिच्याकडे मराठी समीक्षेच्या इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. जुन्या टीकेला समोर श्रोता लागत असे. ज्ञानेश्वरीतील श्रोते मुकाट्याने बसून राहत नाहीत. ते मध्येच बोलतात, स्तुती पुरे म्हणतात, मूळ विषयाकडे वळा असे सुचवतात, आणि निरूपणकार त्यांची मनधरणी करतो. ऐकणाऱ्याचे मत ग्रंथातच नोंदवून ठेवण्याची ही रीत मराठीच्या आरंभीच्या थोर ग्रंथांपैकी एकात आहे. पुढे गुणदोषविवेचनाची टीका आली आणि श्रोत्याच्या जागी विद्वान बसला. ज्याने पुस्तक सहज हाती घेतले, वाचले, आणि आवडले की नाही ते सरळ सांगितले, त्याच्या बोलण्याला ‘मत’ म्हटले गेले. समीक्षा हा मान त्याला मिळाला नाही.

मराठी समीक्षेचा इतिहास सामान्यतः काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ च्या ‘नावल व नाटक ह्याविषयी निबंध’पासून किंवा चिपळूणकरांपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. हा समीक्षकांचा इतिहास झाला. वाचकाच्या मतालाही स्वतंत्र इतिहास आहे आणि तो समीक्षेच्या इतिहासाची केवळ तळटीप नाही, एवढेच या लेखात दाखवायचे आहे. त्यासाठी पुण्यामुंबईच्या ग्रंथसंग्रहालयांत उभे न राहता इंदापूर तालुक्यातील शेळगावच्या बाजूने या व्यवहाराकडे पाहिले आहे. एका अंगाला बारामती, दुसऱ्या अंगाला इंदापूर, आणि तुकोबांच्या पालखीची वाट याच मुलखातून पंढरपूरकडे जाते. पुस्तक येथे उशिरा पोहोचले, पण शब्द मात्र उशिरा पोहोचलेला नव्हता. म्हणूनच छापील पुस्तकाआधी येथल्या माणसाचा मजकुराशी काय संबंध होता, याचा विचार आधी करावा लागतो.

या मुलखात मजकूर तीन वाटांनी येत असे. पहिली वाट पोथीची. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ १७०२ चा, ‘रामविजय’ त्याच्या पुढच्या वर्षीचा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा. चातुर्मासात पोथी लागली की एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, आणि देवळात जमलेल्यांनी हुंकार द्यायचा, ही रीत महाराष्ट्रभर होती. हा हुंकार म्हणजे नुसती झोप येऊ न देण्याची युक्ती नव्हे. अर्थ सांगणारा कंटाळवाणा असेल तर माणसे उठून जातात. एखाद्या प्रसंगाला बायकांचे डोळे भरून आले तर तो प्रसंग दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावा लागतो. श्रीधरांची भाषा सोपी आहे असे पंडितांनी पुढे म्हटले. गावोगावच्या श्रोत्यांनी तो निर्णय दोन शतके आधी, पोथी पुन्हापुन्हा लावून दिला होता.

दुसरी वाट बारामतीची. पन्हाळ्यास १७२९ मध्ये जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये त्यांचा देह पडला तो तेथेच. त्यांची आर्या पंडिती आहे. यमकाच्या आणि समासाच्या आवडीपायी ती अनेकदा सामान्य श्रोत्याच्या डोक्यावरून जाते, आणि हे मान्य करण्यात मोरोपंतांचा काही अवमान नाही. तरी ती घरोघर गेली. परंपरा याचे बरेच श्रेय रामजोशींना देते. तमाशाच्या बोर्डावरून कीर्तनाच्या चौरंगाकडे वळलेल्या या शाहिराने आर्या लोकांच्या कानात घातली. विद्वानाने लिहिलेले रामजोशींसारख्या लोकांतल्या माणसाने निवडायचे आणि मग ते लोकांचे व्हायचे, असा हा क्रम होता. वामनाचा श्लोक, तुकारामाचा अभंग, ज्ञानेश्वराची ओवी आणि मोरोपंतांची आर्या यांची थोरवी एका दमात सांगणारे एक पद्य मराठी माणसाला पाठ असते. त्याचा विचार काव्यशास्त्राच्या दृष्टीने कोणी फारसा केला नाही. ते मात्र अगदी नेमके समीक्षाविधान आहे. कोणत्या कवीच्या हाती कोणता छंद उतरला, एवढेच ते सांगते आणि कारणे देण्याच्या फंदात पडत नाही.

तिसरी वाट अभंगाची. तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडाल्यावर लोकांनी ते पाठ म्हणून वाचवले, ही कथा ऐतिहासिक असो वा नसो, वाचकाच्या अधिकाराविषयीची मराठी समजूत तिच्यातून बोलते. ग्रंथ टिकतो तो कोणाच्या मान्यतेने, असा तिचा प्रश्न आहे. पुढे सरकारच्या २४,००० रुपयांच्या मदतीने १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्याने तुकारामांची गाथा दोन भागांत छापली, तेव्हा विद्वान संपादकांना वारकऱ्यांच्या वह्यांकडेच जावे लागले. सहज ऐकणाऱ्याने जे जपले होते, त्यावर संशोधकाची शुद्ध प्रत उभी राहिली.

या तीन वाटांखेरीज आणखी एक प्रकारचा लिखित मजकूर या भागात आला, आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्याला स्थान नसले तरी वाचकाच्या इतिहासात ते दिलेच पाहिजे. इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची नवी आकारणी केली. मुंबई इलाख्याची पुढची पाहणीपद्धती तेथूनच पसरली. शेतकऱ्याची जमीन रकान्यांत बसली. दुसरा कागद सावकाराच्या खताचा. तो वाचता येत नव्हता तरी त्याचा अर्थ पुरता कळत होता. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांवर धाव घेतली आणि दप्तरे जाळली. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. दंगेखोरांचा रोख माणसांच्या जिवापेक्षा कर्जाच्या कागदांवर होता. त्यामागची कारणे आर्थिक होती आणि त्या उठावाला वाङ्मयीन ठरवणे हास्यास्पद होईल. पण लिहिलेल्या शब्दाकडे हा समाज कोणत्या अनुभवातून पाहत होता, हे विसरून त्याच्या ‘अभिरुची’विषयी बोलणे त्याहून हास्यास्पद आहे.

छापील पुस्तकाच्या पहिल्या पिढीत वाचकाचे मत वृत्तपत्रातून येऊ लागले. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे आली ती पत्राच्या रूपात. लिहिणारा स्वतःला ग्रंथकार म्हणवत नव्हता, एक गृहस्थ आपले मत कळवतो असा तो बाणा होता. पुण्यातील वाचनालय १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे, रत्नागिरीचे तर १८२८ इतके जुने. १८५४ मध्ये परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचे ‘नवनीत’ आले आणि कोणती जुनी कविता वाचावी याची निवड शाळेच्या हाती गेली. १८६७ च्या कायद्याने पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली. ‘विविधज्ञानविस्तार’ही त्याच वर्षी सुरू झाला आणि पुस्तकपरीक्षण हे नियतकालिकाचे नेहमीचे काम बनले. परीक्षण हा शब्दही लक्षात घेण्यासारखा आहे. परीक्षा घेणारा आणि देणारा असे दोन पक्ष त्यात आहेत, वाचणारा मात्र कोठेच नाही.

याच काळात मराठी कादंबरी जन्माला आली आणि वाचकाच्या मताचा खरा प्रश्न येथेच उभा राहिला. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. तिच्यात विधवांचे हाल आहेत, पण तिचा हेतू धर्मप्रचाराचा होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली आणि लोकांना अतोनात आवडली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. राजकन्या, विरह, अद्भुत योगायोग, आकाशातून जाणारे विमान असा तिचा सरंजाम. रिसबुडांनी प्रस्तावनेत आपल्या अडचणीची स्पष्ट कबुली दिली आहे. लग्नाच्या चाली आणि इतर कारणे यांमुळे आपल्या हिंदू लोकांच्या आयुष्यात रस वाटावा असे सद्गुणही नाहीत आणि दुर्गुणही नाहीत. रोज अनुभवाला येते तेच लिहिले तर त्यात मन वेधण्यासारखे काही उरणार नाही. म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळणे भाग आहे. असा त्यांचा एकूण आशय आहे.

ही कबुली प्रामाणिक आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. लग्न आधीच ठरलेले, प्रेमाला वाव नाही, मग कथानक आणायचे कोठून, हा कादंबरीकाराचा धंद्यातला प्रश्न होता. १८७२ मध्ये मराठ्यांनी या अद्भुतावर आक्षेप घेतला. जगात जे घडू शकते त्याला धरून कादंबरीने राहावे, असा त्यांचा एकंदर आग्रह होता. मराठी समीक्षेत वास्तवाची मागणी प्रथम व्यवस्थित मांडली ती मराठ्यांनी, हे त्यांचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. तरीही त्यांची मागणी संभाव्यतेची आहे. घडू शकेल असे लिहा, एवढे ते सांगतात. कोणाच्या आयुष्यात काय घडते आहे, हा त्यांचा प्रश्न नाही.

तो प्रश्न दहा वर्षांनी एका वाचणाऱ्या बाईने विचारला. वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला आणि ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांनी त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, हे या पुस्तकाचे तात्कालिक कारण. म्हणून त्याची नोंद सामाजिक इतिहासात होते, आणि ती रास्तच आहे. परंतु हे पुस्तक वाचनाच्या इतिहासातही बसते. ताराबाई केवळ पुरुषांशी भांडत नाहीत. त्या पुस्तके वाचून भांडतात. ‘स्त्रीचरित्र’, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ नाटक यांची नावे घेऊन, त्यांत बाईचे जे चित्र येते ते आपल्या पाहण्यातल्या घरांशी त्या ताडून बघतात. पुराणांतील देवांच्या आणि ऋषींच्या कथाही त्यांनी याच मोजमापाला लावल्या आहेत.

त्यांची पद्धत येथे बारकाईने पाहावी लागते. प्रस्तावनेत त्या आपण घरात कोंडलेल्या आहोत, मराठमोळ्याच्या चालीत वाढलेल्या आहोत आणि हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, असे सांगतात. शास्त्राचा आधार घेऊन बोलण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही, आणि त्या तो मागतही नाहीत. पुस्तकात बाई कपटी दाखवली आहे, मग हे कपट पुरुषात नाही काय, असा त्यांचा सरळ सवाल. विधवेचे दुःख ज्याने पाहिलेच नाही, त्याच्या कथेतील पतिव्रता त्यांच्या लेखी फुकट आहे. रिसबुडांना आपल्या लोकांच्या जीवनात रस घेण्याजोगे काही सापडले नव्हते. ताराबाईंचे सारे पुस्तक म्हणजे त्या विधानाला दिलेले उत्तर म्हणून वाचता येते. नवरा मेल्यावर बाईच्या डोक्यावरचे केस जातात, नवऱ्याला मात्र दुसरी बायको आणायला अडचण येत नाही. ज्या समाजात हे रोज घडते त्यात कथानकाचा दुष्काळ कसा? दुष्काळ असला तर तो पाहणाऱ्याच्या नजरेत असणार. मराठ्यांनी अद्भुताला नाकारले ते संभाव्यतेच्या तत्त्वावर. ताराबाईंचे नाकारणे अनुभवाच्या बळावर आलेले आहे. दोघांचा रोख एकाच कथावाङ्मयाकडे, पण दोघे उभे आहेत ती जमीन निराळी.

आता कोणी म्हणेल की ताराबाईंचे विवेचन एकांगी आहे, त्यांनी रचनेचा, भाषेचा, पात्रचित्रणाचा विचार केलेला नाही. हे खरे आहे. सूर चढलेला आहे, विषयांतरे आहेत, पुष्कळ ठिकाणी निव्वळ शिव्याशाप आहेत. मात्र ज्याला आपण साहित्याचे समाजशास्त्र किंवा स्त्रीवादी वाचन म्हणून पुढे शे-सव्वाशे वर्षांनी विद्यापीठांत आणले, त्याचा मूळ व्यवहार येथे पूर्ण झालेला आहे. पुस्तकातले जग आणि वाचणाऱ्याचे जग यांतील अंतर मोजायचे, आणि ते अंतर कोणाच्या सोयीचे आहे हे विचारायचे. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हे पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले नसते, तर मराठी कादंबरीची ही पहिली निर्भीड वाचक आपल्याला ठाऊकही झाली नसती. मधली नव्वद वर्षे समीक्षेचे इतिहास तिच्यावाचून लिहिले गेले, आणि लिहिणाऱ्यांना काही चुकल्यासारखे वाटले नाही.

चिपळूणकर १८८२ च्या मार्चमध्येच वारले. ताराबाईंच्या पुस्तकाचे त्यांनी काय केले असते याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही, पण जोतीराव फुल्यांच्या लेखनाचे त्यांनी काय केले ते ‘निबंधमाले’त छापलेले आहे. सत्यशोधक समाजाचा अहवाल आणि ‘गुलामगिरी’ यांचा समाचार त्यांनी घेतला, तो मोठ्या अंशी व्याकरणाच्या आणि शुद्धलेखनाच्या अंगाने, उपहासाच्या स्वरात. त्याच चिपळूणकरांनी मोरोपंतांच्या कवितेवर मात्र विस्ताराने आणि ममत्वाने लिहिले. या दोन लेखनांत एकच तत्त्व आहे. ग्रंथाची योग्यता ठरवण्याचा हक्क भाषेवर प्रभुत्व असणाऱ्यालाच आहे, असे ते तत्त्व. चिपळूणकर डॉ. जॉन्सनचे भक्त होते. त्यांनी त्याच्यावर दीर्घ निबंध लिहिला आणि वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले ‘रासेलस’चे भाषांतर पुरे केले. जॉन्सनने मात्र कवी ग्रे याच्या चरित्रात, विद्वत्तेच्या पूर्वग्रहांनी न बिघडलेल्या सामान्य वाचकाशी आपले मत जुळते याचा आनंद व्यक्त केला आहे. व्हर्जिनिया वुल्फने १९२५ मध्ये आपल्या निबंधसंग्रहाला नाव दिले ते याच शब्दांवरून. जॉन्सनच्या मराठी शिष्याने गुरूचा दरारा घेतला, हा आनंद घेतला नाही.

फुल्यांनी याचे उत्तर १८८५ मध्ये वेगळ्या संदर्भात दिले. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ मध्ये भरली होती. दुसरी १८८५ च्या मे महिन्यात पुण्यात भरायची होती, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी तिचे निमंत्रण फुल्यांना पाठवले. फुल्यांनी ते नाकारले. त्यांचे पत्र ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. ज्यांना माणसाचे सामान्य हक्क नाकारले आहेत त्यांच्या अनुभवाशी या ग्रंथकारांच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, तेव्हा आमच्यातल्या लोकांनी त्यांत मिसळून उपयोग नाही, असा त्यांचा भाव. हे पत्र सामाजिक बंडाचा दस्तऐवज म्हणून वारंवार उद्धृत होते. ते उपलब्ध मराठी वाङ्मयाविषयी एका वाचकाने दिलेला अभिप्रायही आहे, हे क्वचितच कोणी म्हणते. त्याच वर्षी ‘सत्सारा’त फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. एक वाचक दुसऱ्या वाचकाच्या मदतीला धावून आला, असा हा योग आहे.

पुढच्या काळाबद्दल थोडक्यात बोलले तरी चालेल, कारण तो अधिक परिचित आहे. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’वर विशीच्या आतबाहेरच्या हरिभाऊ आपट्यांनी ‘निबंधचंद्रिके’त बहात्तर पानी टीका लिहिली. विद्यार्थ्याने प्राध्यापकाच्या पुस्तकाबद्दल मनातले सगळे सांगून टाकावे, हे तेव्हा शक्य होते. त्याच हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहून रिसबुडांच्या प्रश्नाचा निकाल लावला. विधवेचे आयुष्य हेच कथानक झाले. ताराबाईंनी वाचक म्हणून जे मागितले होते ते आठ-दहा वर्षांत कादंबरीकाराने दिले. यात प्रभाव दाखवण्याचा उद्देश नाही. मागणी आधी होती, एवढेच ध्यानात घ्यावे.

विसाव्या शतकात वाचक सिद्धान्तात आला, पण तो प्रत्यक्ष माणूस राहिला नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदा संमेलनात सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचणारा पात्राशी एकरूप होतो आणि तरी आपले भान राखतो, असे तिचे सार. ही वाचकाची उपपत्ती आहे आणि मराठीत तिचे मोल अजून नीट जोखलेले नाही. पण केळकरांचा वाचक आनंद घेतो, तक्रार करीत नाही. संस्कृत काव्यशास्त्रातील सहृदयही संस्कार झालेला, मनाचा आरसा घासूनपुसून ठेवलेला. शेळगावच्या देवळात हुंकार देणाऱ्याला सहृदय म्हणायचे की नाही, यावर शास्त्र मौन पाळते. मर्ढेकरांच्या ‘वाङ्मयीन महात्मते’पासून, म्हणजे १९४१ पासून, कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह वाढला आणि आवडनिवड ही समीक्षेतील जवळजवळ शिवी झाली. ‘सत्यकथे’ची शिस्त एका बाजूला, आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून हातोहात जाणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा दुसऱ्या बाजूला, अशी वाङ्मयाची वाटणी झाली. या वाटणीत पहिल्या बाजूचा तोटा अधिक झाला, असे माझे मत आहे. तिला विरोध करणारा वाचकच उरला नाही.

वाचकाच्या मताचे एवढे गुणगान केल्यावर त्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रामाणिक मत नेहमी मुक्त करणारेच असते असे नाही. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला झाला, तो अंक वाचलेल्या एका गृहस्थाच्या फिर्यादीवरून. खालच्या न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने दंड केला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. फिर्यादीचे मतही वाचकाचेच आणि बहुधा मनापासूनचेच होते. न्यायालयाला शेवटी सर्वसाधारण वाचकावर काय परिणाम होईल, याचा अंदाज बांधावा लागला. मर्ढेकरांच्या कवितेवरील खटल्यातही हाच वाचक अदृश्यपणे हजर होता. तो आणि ताराबाई यांत फरक करायचा कसा? मला एक कसोटी दिसते. ताराबाई पुस्तकाला उत्तर देण्यासाठी पुस्तक लिहितात. फिर्यादीला पुस्तकच नको असते. पहिले मत वाङ्मयाच्या व्यवहारात राहते, दुसरे पोलिसांकडे जाते. ही कसोटी सर्वत्र चालेल असे नाही. फुल्यांचे नकाराचे पत्र या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते.

हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ मध्ये कॉन्स्टान्स येथील व्याख्यानात वाङ्मयाचा इतिहास वाचकाच्या ग्रहणाचा इतिहास म्हणून लिहावा, असे आग्रहाने मांडले. नव्वदच्या दशकात मराठी समीक्षेत वाचकाच्या अपेक्षांचे क्षितिज वगैरे परिभाषा रूढ झाली ती त्या परंपरेतून. योगायोग असा की महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही १९६७ चाच. याउसच्या व्याख्यानाचा आपल्याकडे जेवढा ऊहापोह झाला त्याच्या दशांशानेही या कायद्याचा झाला नाही, आणि मराठी वाचकाच्या क्षितिजात भर पडली ती मुख्यतः कायद्याने. गावोगाव अनुदानित वाचनालये उभी राहिली. अ, ब, क, ड अशी त्यांची वर्गवारी झाली आणि ‘ड’ वर्गाच्या छोट्या वाचनालयातही चार कपाटे कादंबऱ्यांची आली.

नीरा डाव्या कालव्याने १८८० च्या दशकातच बारामती-इंदापूरच्या शेतीची दोन जगे करून टाकली होती. कालव्याखालचे बागाईत आणि कालव्याबाहेरचे जिरायत. अशा मुलखातील वाचकाच्या हाती व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची ‘बनगरवाडी’ किंवा आनंद यादवांची १९७१ ची ‘गोतावळा’ येते, तेव्हा ग्रामीण साहित्य ही समीक्षकाने केलेली एकसंध कोटी टिकत नाही. माणदेशातील मेंढरांमागची धनगरवस्ती जिरायतातल्या माणसाला घरची वाटेल. उसाच्या फडातल्या, कारखान्याच्या सभासदाला ती आजोबांची हकीकत वाटेल. ‘गोतावळ्या’त यंत्र आल्यावर बैल जातात, माणूस एकटा पडतो. ट्रॅक्टर घेणाऱ्याला ही शोकांतिका वाटेलच असे नाही, आणि गड्याला ती शोकांतिकाही अपुरी वाटू शकते. गाव हे एक वाचक नसते. ग्रामीण साहित्याच्या चळवळीने गावचा लेखक पुढे आणला, हे मोठे काम झाले. गावचा वाचक मात्र तिने जवळजवळ गृहीतच धरला. आपल्यावर लिहिले म्हणजे आपल्याला आवडणारच, असे गृहीत. दलित आत्मकथनांच्या बाबतीत निदान हा वाद उघडपणे झाला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले तेव्हा घरचे उघड्यावर मांडल्याची तक्रार वस्तीतून शिकून बाहेर पडलेल्यांनीही केली, आणि त्या तक्रारीने त्या पुस्तकाचे वाचन अधिक खोल केले.

वाचनालयातील जुन्या कादंबऱ्या चाळणाऱ्याला शेवटच्या पानावरचे पेन्सिलीचे शेरे नवे नाहीत. कोणी ‘छान’ लिहून जातो, कोणी शेवट चुकल्याचे नोंदवतो, कोणी आधीच्या शेऱ्याला खाली उत्तर देतो. ग्रंथपालाच्या दृष्टीने ही पुस्तकाची खराबी असते, आणि नियमावलीत तिला मनाई असते. ‘शेरा’ हा शब्द मुळात दप्तरातला. ज्या इंदापुरात १८३६ मध्ये सरकारने शेतावर आपला शेरा मारला, तेथल्या वाचकाला पुस्तकाच्या पानावर स्वतःचा शेरा मारता आला तो शंभरावर वर्षांनी. जीर्ण पुस्तके रद्दबातल करताना हे शेरेही रद्दीत जातात. देवघेवीच्या वहीत पुस्तकाचा क्रमांक, सभासदाचा क्रमांक, नेल्याची आणि परत केल्याची तारीख एवढेच राहते.